पेनड्राइव्हवरची बाई

६ जानेवारी २०२५, सोमवार

अबोलीने आजपासून रोज दहा ओळी टाइप करायचं काम लावून दिलं आहे. विषय कुठलाही चालेल, फक्त कीबोर्डकडे बघायचं नाही. बघून तरी काय दिसणार आहे, असं मी म्हणाले, तर लेक हसली नाही. म्हणून ही दैनंदिनी.

सरावाला सोपं म्हणून आधी स्वतःची ओळख. मी पद्मा. वय एक्कावन्न. राहायला रहाटणीत. निघोज्याला गाड्यांची रबरी सीलं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे स्टोअरच्या ऑफिसात एकवीस वर्षं आहे. कुठला माल आला, कुठल्या रॅकवर गेला, किती उरला, हे कंप्युटरवर ठेवायचं माझं काम. नवरा सुरेंद्र, शाळेत गणित शिकवतो. मुलगी अबोली हिंजवडीला नोकरी करते आणि उरलेल्या वेळात मला शिकवते.

आणि डोळे. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं आहे. नजर कडेकडेने आत येत जाते आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं उरतं. मी अजून शेवटाला आलेले नाही. समोरचं दिसतं, फक्त एका वेळी थोडं थोडं. पडद्यावरची एक ओळ वाचायला तीनदा मान फिरवावी लागते. अंधार पडला की मात्र कारभार आटोपला.

हे घरी आम्हा तिघांना माहीत आहे. ऑफिसात कोणालाही नाही, आणि कळू द्यायचंही नाही.

दहाच्या वर ओळी झाल्या. पुरे.

८ जानेवारी, बुधवार

पेनड्राइव्हबद्दल लिहायला हवं. दिवाळीत अबोलीने दिला. त्यावर एक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो, आणि आपण टाइप केलेलं अक्षर अन् अक्षर उच्चारतो. आवाज बाईचा आहे, म्हणून मी तिला बाईच म्हणते. ही ओळही ती माझ्यामागून वाचते आहे. स्वतःबद्दल लिहिलेलं वाचताना तिचा आवाज जराही बदलत नाही.

बाईचा मोठा गुण असा की तिला कंप्युटरात बसवावं लागत नाही. आमच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये काहीही नवीन बसवायला गेलं की ते आयटीच्या तेजस्विनीचा पासवर्ड मागतं. बाई कोणाचा पासवर्ड मागत नाही. पेनड्राइव्ह खोचला की तिथूनच चालू होते, काढला की जाते, मागे काही ठेवत नाही. मशीनमध्ये आधीपासून असलेला एक बोलणारा आहे म्हणे, पण आमचा स्टॉकचा प्रोग्रॅम उघडला की त्याची वाचाच बसते. सकाळी मी जागेवर बसते, पेनड्राइव्ह लावते, उजव्या कानात इअरफोनचं बोंडूक घालते आणि त्यावर केस ओढून घेते. आता तिचा वेग दुप्पट केला आहे. कळतं सगळं.

दर एप्रिलमध्ये आम्ही एका कागदावर सही करतो की बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम कंपनीच्या मशीनवर चालवणार नाही. मीही केली आहे. ही काही चोरी नव्हे, मी कोणाचं काही घेत नाही, असं मी स्वतःला सांगते. रोज सांगावं लागतं, म्हणजे अजून पटलेलं नसणार.

१५ जानेवारी, बुधवार

ऑफिसात तिळगूळ वाटला. सगळ्यांना हातात दिला, कोणाचा हात कुठे आहे ते बरोबर ओळखलं. मी स्वतःवर खूश आहे.

मात्र ज्ञानदेवने डोकं उठवलं. आमचा स्टोअरचा मदतनीस, निघोज्याचाच, सत्तावन्न वर्षांचा. पूर्वी दिवसभरात चार शब्द बोलायचा. हल्ली वर्षभरात त्याला काय झालं आहे कळत नाही, तोंड मिटत नाही. मी उठले की याची कॉमेंट्री सुरू. ट्रॉली डावीकडं लावलीय, दार उघडंच हाय, फरशी वली हाय, चहा ठेवलाय मॅडम, उजव्या हाताला. अरे, दिसतंय मला. वय झालं की माणसं बडबडी होतात, सुरेंद्रला सांगितलं तर तो नुसता हूं म्हणाला.

फोर्कलिफ्टवाला नवनाथ तसाच. बीडकडचा मुलगा, ठेकेदाराकडून आला आहे, निघोज्यातच बायकोबरोबर खोली घेऊन राहतो. मला लांबून बघितलं तरी दोनदा हॉर्न मारतो. दुसऱ्या कोणाला मारत नाही, मी कान देऊन ऐकलं आहे. मोठ्या बाईला नमस्कार करायची पद्धत असावी त्याची.

सुरक्षा सप्ताह म्हणून की काय, कोणीतरी ऑफिसच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली आहे. फक्त आमच्याच पायऱ्यांना. सोय झाली.

दुपारी तेजस्विनी मशीन बघायला आली. अठ्ठावीसची असेल, कामापुरतं बोलते. तिने विचारलं, मॅडम, दिवसभर काय ऐकता? मी म्हणाले, भजनं. तिने पेनड्राइव्हच्या बाजूला बघितलं असं मला वाटलं. पण ती म्हणाली, छान, ऐका, आणि माझा माउसचा बाण मोठा आणि पिवळा करून गेली. नवीन अपडेट आहे म्हणे. बाकी कोणाचा झालेला दिसत नाही.

२० जानेवारी, सोमवार

सर्क्युलर आलं. एक मोठं गिऱ्हाईक मार्चमध्ये तपासणीला येणार आहे, त्यात माहितीची सुरक्षाही तपासणार. म्हणून एक फेब्रुवारीपासून सगळ्या मशीनवर पेनड्राइव्ह बंद. बाईने हे सर्क्युलर मला शांतपणे वाचून दाखवलं. स्वतःची बदली स्वतःच वाचून दाखवावी तसं.

अबोली म्हणाली, तेजस्विनीला जाऊन सांग सरळ. मी नाही म्हणाले. आमच्या आधीच्या साहेबांची पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांना सोयीची खुर्ची दिली, आणि सहा महिन्यांत सोयीची रिटायरमेंट. अबोली म्हणाली, आई, ती पाठ होती. मी म्हणाले, हे डोळे आहेत, पाठीपेक्षा महाग. विषय तिथेच संपला.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भीतभीत पेनड्राइव्ह लावला. चालला! शेजारच्या खरेदी विभागात सगळ्यांचे बंद पडले आहेत. तेजस्विनी आली होती, तिच्याशी निर्विकार चेहऱ्याने बोलले. ती म्हणाली, तुमचं मशीन फार जुनं आहे मॅडम, यादीत राहून गेलं बहुतेक. थोडे दिवस तरी. मग थांबून म्हणाली, तुम्हाला काही सांगायचं असेल तर मी साडेचारनंतर मोकळी असते. मी म्हणाले, नाही ग, सगळं ठीक आहे.

एवढ्या हुशार मुलीच्या यादीतून एक अख्खं मशीन निसटतं. तरी मी देवाचे आभार मानले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बंद. पेनड्राइव्ह लावला तर काहीच नाही. पुण्याच्या मुख्य ऑफिसाने बाईला बाहेर काढलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अबोलीने रात्रीच दुसरी वाट काढली. बाईचं अख्खं फोल्डर तिने मला ईमेलने पाठवलं, तुकडे करून. सकाळी ते मशीनमध्ये ‘सीलचे जुने दर’ या नावाने ठेवलं. त्यावर एन्टर मारला, आणि बाई बोलली. इतका आनंद झाला की डब्यातली चटणी ज्ञानदेवला देऊन टाकली.

घरी येताना बस तळवड्याच्या चौकात पाऊण तास अडकली. सात वाजले, काळोख झाला. काळेवाडी फाट्यावर सुरेंद्र भाजीची पिशवी घेऊन उभा होता. तो रोज त्याच वेळी भाजी घ्यायला येतो. आमच्या फ्रिजमध्ये सध्या चार कोबी आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

‘हा प्रोग्रॅम चालवायला तुम्हाला परवानगी नाही.’ पडद्यावर एवढं एकच वाक्य, आणि ते वाचायलाही मला मान तीनदा फिरवावी लागली, कारण वाचून दाखवणारी बाईच बंद झाली होती. ज्यांची नावं यादीत आहेत तेवढेच प्रोग्रॅम आता चालतील. अबोली म्हणाली, आई, आता युक्ती नाही. आता विचारावं लागेल.

मी विचारणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात तीन दिवस बाईशिवाय. डोळे लाल. काल गुरुवारची साप्ताहिक सुट्टी होती म्हणून निभावलं. आज दुपारपर्यंत बावीस नोंदी झाल्या, एरवी ऐंशी होतात. त्यातल्या दोन चुकल्या, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

मग एक सुचलं. पडद्यावर शोधत बसण्यापेक्षा सरळ रॅकपाशी जाऊन हाताने मोजायचं. सीलं मला बोटांनी ओळखू येतात, कडा, जाडी, खाच. कागदावर जाड पेनाने मोठे आकडे लिहायचे आणि परत येऊन भरायचे. जमलं. दिवसभर गल्ल्यांमधून फिरले. ज्ञानदेव मागे मागे. शेवटी त्याला सांगितलं, बाबा रे, तुझं काम कर. त्याचा चेहरा उतरला असावा, नीट दिसला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठा प्रसंग झाला. मला काही लागलेलं नाही, हे आधी लिहिते.

अकराच्या सुमाराला मी नवव्या रॅकवरून मोजून बाहेर पडत होते, कागद हातात, आकडा तोंडाने घोकत. एकदम ब्रेकचा कर्कश आवाज झाला. फोर्कलिफ्ट माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. वरचे ट्रे कलंडले आणि हजारो सीलं गल्लीभर पसरली. माझी बांगडी फुटली, एवढंच. नवनाथ खाली उतरला, पांढराफटक पडला होता असं ज्ञानदेव म्हणाला. तो मला एकच विचारत राहिला, मॅडम, लागलं नाही ना?

सुरक्षा अधिकाऱ्यांनी जबाब घेतला. मी सांगितलं की फोर्कलिफ्ट अचानक आली, हॉर्न ऐकू आला नाही. नवनाथला विचारलं तर तो म्हणाला, माझं लक्ष नव्हतं साहेब. चला, कबूल तरी केलं. हल्लीची मुलं गाडी हातात आली की वाऱ्यावर असतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवनाथला फोर्कलिफ्टवरून उतरवलं. शुक्रवारी चौकशी, मग लेखी ताकीद. ज्ञानदेवने सांगितलं की ठेकेदाराच्या माणसाला असं पत्र मिळालं की मार्चअखेरीला त्याचं नाव पुढे जात नाही. पिंकी, म्हणजे नवनाथची बायको, हिला सातवा महिना आहे. हेही मला आजच कळलं.

ज्ञानदेव आज माझ्याशी बोलला नाही. चहा ठेवला आणि गेला. कुठल्या हाताला ठेवला तेही सांगितलं नाही. पेल्याला कोपर लागून चहा सांडला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. आजच्या ओळी दहाच्या वर जाणार.

सकाळी अबोली घरून काम करत होती. तिला म्हणाले, मला कडेचं नेमकं किती दिसतं ते एकदा बघू. दिवाणखान्यात मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावून बसले. अबोली माझ्या उजव्या बाजूने हात लांब करून हळूहळू पुढे येत राहिली. हात दिसला की सांग, म्हणाली. मी वाट बघत होते. मला वाटलं तिने अजून सुरुवातच केली नाही. मग बोटं एकदम कॅलेंडरवर उगवली. मी म्हणाले, हां, आता दिसली, बरीच लांब आहेत की. मी हात पुढे केला तर तिचा हात माझ्या नाकासमोर होता. डावीकडेही तेच.

मला वाटत होतं मला अजून अर्धं जग दिसतं. दिसत नाही ते दिसत नाही हेही दिसत नाही. इतके दिवस मी ज्याला रिकामी वाट समजत होते, तिथे माणसं होती, ट्रॉल्या होत्या.

मग एकटी बसून सोमवार आठवला, एक एक पाऊल. आणि मला हॉर्न आठवला. दोनदा. नेहमीसारखा. मी मनात म्हणालेसुद्धा होते, काय हा सारखा. सदुसष्ट, सदुसष्ट असा आकडा घोकत होते, तो विसरू नये म्हणून थांबले नाही. म्हणजे हॉर्न ऐकू आला होता. आणि जबाबात मी ऐकू आला नाही म्हणाले. मुद्दाम खोटं बोलले नव्हते. पण खरंही बोलले नाही.

नवनाथ फोर्कलिफ्टसाठी आखलेल्या पट्ट्यात होता. पट्ट्याच्या आत मी गेले होते.

संध्याकाळी सुरेंद्रला सांगितलं. त्याने वही बाजूला ठेवली. म्हणाला, उद्या मी अर्धी रजा टाकून येऊ का तुझ्याबरोबर? मी नको म्हणाले. हे सांगायला मला दिसायची गरज नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी अकराला होती. क्षितिज सर, म्हणजे आमचे मॅनेजर, सुरक्षा अधिकारी, आणि दाराशी नवनाथ उभा. मी न बोलावता आत गेले. क्षितिज सर छत्तिशीचे, बोलण्यात नेमके. ते म्हणाले, मॅडम, तुमचा जबाब झाला आहे. मी म्हणाले, तो चुकीचा झाला आहे, दुसरा घ्या.

मग सांगितलं. उभ्याउभ्याच, नाहीतर बसल्यावर धीर गेला असता. हॉर्न दोनदा वाजला होता. मी पट्ट्याच्या आत होते. मला कडेचं दिसत नाही, अडीच वर्षं झाली. नवनाथने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी इथे उभी आहे.

समोर खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

“मग अडीच वर्षं तुम्ही स्टॉक कसा सांभाळलात?” क्षितिज सरांनी विचारलं. “आपल्या तीन प्लांटमध्ये तुमचाच आकडा जुळतो.”

आता बाईलाही लपवण्यात अर्थ नव्हता. आधी भिंगाने आणि पाठांतराने, दिवाळीपासून पेनड्राइव्हने, हे सगळं सांगितलं. ‘सीलचे जुने दर’ हेही. त्यांनी फोन करून तेजस्विनीला बोलावलं. माझ्या मनात आलं, आता हिचीही पंचाईत, यादीतून मशीन निसटल्याचं हिच्या अंगावर येणार. पण ती आली ती हातात फाइल घेऊनच. त्यात विशेष प्रोग्रॅम बसवण्याच्या परवानगीचा अर्ज होता. तिने सरांना सांगितलं की हा प्रोग्रॅम तिने तपासला आहे, स्वच्छ आहे, जगभर वापरतात, तपासणीला येणाऱ्यांनाही चालेल, फक्त वापरणाऱ्याने स्वतः मागणी करून सही करायला हवी. मग माझ्याकडे वळली.

“मी तुमच्या वतीने मागू शकत नव्हते, मॅडम.”

सही केली. तिने कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं की वर तारीख नऊ डिसेंबर टाकलेली आहे. मी तिला लगेच सांगितलं, अग, आज फेब्रुवारीची अठ्ठावीस आहे. तिने खोडून नीट केली. हुशार असली तरी तारखांकडे लक्ष नाही मुलीचं.

निकाल असा. नवनाथची ताकीद रद्द, सोमवारपासून परत फोर्कलिफ्टवर. मला बाहेरचा प्रोग्रॅम चालवल्याबद्दल मेमो, एकवीस वर्षांतला पहिला. डॉक्टरांचा दाखला आणायचा. तोवर सोबत कोणी असल्याशिवाय रॅकच्या गल्ल्यांत जायचं नाही. नोकरीचं काय, असं मी विचारलं तेव्हा क्षितिज सर म्हणाले, नोकरीचा विषय निघालाच कुठे? मग जरा थांबून म्हणाले, आधी सांगायला हवं होतं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

बाहेर नवनाथ नव्हता. त्याला शोधायची हिंमतही झाली नाही.

घरी मेमो सुरेंद्रला दाखवला. तो म्हणाला, फ्रेम करायचा का? तारखेची गंमत सांगितली तर तो इतका हसला की ठसका लागला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

१ मार्च, शनिवार

रजा टाकून संत तुकाराम नगरच्या हॉस्पिटलात दाखल्यासाठी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी काठी घ्या असं सुचवलं. पांढरी, घडीची. घेतली. अजून पिशवीत आहे.

५ मार्च, बुधवार

मुख्य ऑफिसातून परवानगी आली. तेजस्विनीने तिचा पासवर्ड टाकला आणि बाईला मशीनमध्ये रीतसर बसवलं. आता ती मशीन चालू होतानाच बोलायला लागते, कंपनीच्या यादीत तिचं नाव आहे, आणि तिला स्वतंत्र नंबरही मिळाला आहे. मला कायम होऊन नंबर मिळायला सात वर्षं लागली होती.

ज्ञानदेव परत बोलायला लागला. आज त्याने सरळ विचारलं, मॅडम, आता तुमाला ठावंच हाय समद्यांना ठावं हाय ते, तर मी बोलू का नगं? मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, व्हईल की दीड वरीस. तुमी एकदा मला वलांडून भिंतीला नमस्कार केला व्हता.

मला आधी राग आला. मग हिशेब लागत गेला, बडबडीचा, आणि पिवळ्या पट्टीचाही, जी त्यानेच चिकटवली होती. दुपारभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

तेजस्विनीला मात्र काही माहीत नसणार. तिने भजनांवर विश्वास ठेवला होता.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पिंकीने ज्ञानदेवकडून निरोप पाठवला होता, पुरणपोळी खायला या. सुरेंद्र शाळेत, अबोली हिंजवडीत. मी एकटीच निघाले. काठी पहिल्यांदा उघडली. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनने दार उघडलं तेव्हा लाज वाटली, काळेवाडी फाट्यावर थोडी कमी वाटली, आणि बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीने हाताला धरून जागा दिली तेव्हा बसलेच. दोन बस आणि एक रिक्षा. निघोज्यात रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं, पुढे मी काठीने भिंत चाचपत गेले. मुलं होळीसाठी गोवऱ्या जमवत होती, त्यांनी नवनाथची खोली दाखवली.

एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पिंकी जेमतेम बावीसची, वाकता येत नसताना पोळ्या लाटत होती. मी तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. पोळी लाटायला नजर कशाला हवी. तिने भाजल्या, मी लाटल्या, नवनाथ दारात अवघडून बसला. कंपनीत मॅडम, इथे त्याच्या चुलीपाशी.

शेवटी मीच बोलले. माझं चुकलं, तुझ्यावर आलं, मी खोटा जबाब दिला. सगळं सरळ म्हणाले. मग जे टोचत होतं ते विचारलं. हॉर्न मारला होता, हे तू त्या दिवशी का सांगितलं नाहीस?

पिंकीने तव्यावरची पोळी उलटली.

“सांगितलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, मग त्यांना दिसलं कसं नाही,” तो म्हणाला. “ते तुमचं होतं मॅडम. तुमी सांगायचं होतं.”

“आणि काम गेलं असतं तर?”

“चाकणला फोर्कलिफ्टं लई हायत.”

पिंकी म्हणाली, याला रात्रभर झोप नव्हती, आणि इथे बघा कसा बोलतोय. तो लाजला असावा. मी तीन पोळ्या खाल्ल्या, तुपासकट. निघताना तो रस्त्यापर्यंत आला. हात धरायला पुढे झाला, मग थांबला आणि मीच त्याचा दंड धरला.

बसमध्ये थोडी रडले. दुःखाने नाही. कशाने ते मला नीट लिहिता येत नाही.

१७ मार्च, सोमवार

आज दुपारी चहाच्या वेळेला ज्ञानदेवने धरलंच, मॅडम, त्या बाईचा आवाज तरी ऐकवा. कानातलं काढलं आणि स्पीकर लावला. आता तिचा वेग तिप्पट आहे. बाईने सकाळच्या नोंदी वाचायला घेतल्या आणि ऑफिसात एकदम शांतता झाली. क्षितिज सर जाता जाता दारात थांबले. त्यांनी विचारलं, ही कुठली भाषा आहे? मी म्हणाले, मराठी. कोणाचाच विश्वास बसेना. नवनाथ म्हणाला, रेडिओवर स्टेशन लागत नाही तेव्हा असं वाजतं.

मग वेग कमी केला. बाईने सावकाश, एक एक शब्द तोडत, माल उचलणाऱ्याचं नाव वाचलं. ज्ञानदेवचं नाव तिच्या तोंडून असं काही निघालं की तेजस्विनीसुद्धा मोठ्याने हसली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. ज्ञानदेव म्हणाला, परत म्हणाया लावा. चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी तो गंभीर झाला आणि म्हणाला, बाई बराबर म्हणतीया, आपलंच चुकत आसंल.

तेवढ्यात बाहेर मालाची गाडी लागली. सगळे पेले टाकून उठले, नवनाथ फोर्कलिफ्टकडे पळाला, क्षितिज सरांनी विचारलं, सोळा नंबरला जागा आहे का? मी बाईचा वेग परत वाढवला, ती भराभर बोलली आणि मी सांगितलं, चाळीस ट्रे बसतील, त्याच्यावर नको.

स्पीकर बंद करायचा राहून गेला होता. ऑफिस सुटेपर्यंत तसाच चालू ठेवला.